तळं डाव्या हाताला

जोडसायकलवर मागे बसलं की समोर रस्ता नसतो, नवऱ्याची पाठ असते. शर्टावर घामाचे डाग, मानेवरचा तीळ, हेल्मेटचा सैल पट्टा. डावीकडे-उजवीकडे हवं तेवढं बघता येतं, पण पुढे काय वाढून ठेवलंय ते पुढच्याने सांगायचं. 'खड्डा' म्हटलं की बूड उचलायचं, 'सोड' म्हटलं की पाय थांबवायचे, 'मार' म्हटलं की जोर लावायचा. पुढच्याने बोलायचं, मागच्याने ऐकायचं. संसारात जे कधी जमलं नाही ते आईबाबांना सायकलवर बरोबर जमतं, असं आमची लेक म्हणते.

हे शहरातली बस चालवतात. त्यांच्या आसनामागे पाटी आहे : चालकाशी बोलू नये. ती पाटी त्यांनी सायकलवरही लावली आहे, फक्त दिसत नाही एवढंच.

आम्ही तळ्याभोवती फिरायला निघालो होतो. तंबू, स्टोव्ह, दोन पातेली, झोपायच्या पिशव्या, सगळं मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकवलेलं. उन्हाळ्याची सुट्टी होती. सुट्टी संपली की त्यांची आगारातली वार्षिक तपासणी होती आणि तिच्यानंतर त्यांना सकाळची शाळांच्या रस्त्यावरची गाडी मिळणार होती. ती गाडी आगारातल्या जुन्या, भरवशाच्या माणसाला देतात. ते खूश होते. म्हणजे, खूश आहे असं म्हणत होते.

पहिल्याच सकाळी तंबूच्या जागेच्या मालकीणबाईंनी आम्हाला फाटकाशी गाठलं.

"अहो, उलटे निघालात की काय?"

"उलटं काय नि सुलटं काय, तळं गोलच आहे," हे म्हणाले.

"तळं गोल आहे, वारा गोल नाही ना! सगळे तळं उजव्या हाताला ठेवून जातात. मोकळ्या काठाला वारा पाठीवर येतो, पलीकडे झाडी आहे तिथे लागतच नाही. तुम्ही असे गेलात तर संध्याकाळपर्यंत थोबाड सुजेल."

"मावशी, मी बस चालवतो. सुजलेली थोबाडं रोजच बघतो."

बाई हसल्या. मीही हसले. पण मोकळ्या काठाला लागल्यावर हसू वाऱ्याने नेलं. वारा नुसता समोरून येत नव्हता, कानात शिरून बसत होता. समोरून येणारे सायकलवाले पाय न हलवता, हात हलवत जात होते. एकजण ओरडलाही, "काका, रस्ता चुकलात!"

"आपण का असे चाललोय?" मी विचारलं. वाऱ्यामुळे दोनदा विचारावं लागलं.

"तळं जवळून दिसतं," ते मान न वळवता म्हणाले. "आपण डावीकडून जाणार, तळं डावीकडे. मधे गाड्या नाहीत. आणखी काय पाहिजे?"

उत्तर बरोबर होतं. पण माझा धंदाच असा आहे की बरोबर उत्तरावर माझं भागत नाही. मी वजनकाटे तपासते. दुकानातले, गोदामातले, औषधं करणाऱ्यांकडचे. काटा बरोबर वजन दाखवतो म्हणून त्याला शिक्का देता येत नाही. तेच वजन ताटलीच्या मधोमध ठेवायचं, मग कडेला, मग दुसऱ्या कडेला. बिघडलेला काटा बहुतेक वेळा मध्यावर अगदी बरोबर असतो. कडेला गेलं की खोटं बोलायला लागतो.

त्या दिवशी मला स्वस्थता नव्हती, आणि तिचं कारण सापडत नव्हतं. 'खड्डा' ही हाक येत होती, पण कधी कधी चाक आपटल्यावर. मी बूड उचलायच्या आत दणका बसायचा. मी म्हटलं, "जरा आधी सांगा की."

"खड्डा मला विचारून येतो का?"

दुपारी पाणी प्यायला थांबलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की उशिरा सांगितलेले खड्डे सगळे डावीकडचे होते. उजवीकडचा बारीकसा दगडही ते लांबून सांगत होते. मी हे मनाशी धरलं. एवढ्यावरून निष्कर्ष काढत नाहीत.

दुसऱ्या सकाळी चहा करताना त्यांनी स्टोव्ह उलटा केला. तो त्यांच्या डाव्या गुडघ्याजवळ, आपल्या जागी, नीट पेटलेला होता. त्यांनी उठताना त्याच्यावर पाय मारला.

"इथे कुणी ठेवला?" ते ओरडले.

"तुम्हीच."

"मी?" ते सांडलेल्या पाण्याकडे बघत राहिले. मग एकदम हसले. "म्हातारा झालो म्हणायचं."

मी दुसऱ्या पातेल्यात पाणी घेतलं. माझे हात काम करत होते आणि डोकं घरी गेलं होतं. हिवाळ्यात त्यांच्या बसचा डावा आरसा फुटला होता. कडेला उभ्या असलेल्या टेम्पोची चूक, असं ते म्हणाले होते. त्यानंतर पुन्हा एकदा फुटला. तेव्हाही टेम्पोच. आणि जेवताना ते हल्ली माझ्या समोर बसत होते, शेजारी नाही. मला ते प्रेमाचं वाटलं होतं.

सासूबाईंना काचबिंदू होता. शेवटी त्या घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालायच्या, आणि समोर धरलेल्या सुईत मात्र पहिल्या फटक्यात दोरा ओवायच्या. ह्यांना ती गोष्ट सांगायला आवडायची. गेलं वर्षभर त्यांनी ती एकदाही सांगितली नव्हती.

त्या दिवशी मी मागे बसून तळ्याकडे बघत होते. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. वारा थोडा पडला होता, रस्ता पाण्याच्या अगदी काठाने जात होता आणि सायकल बरी पळत होती. काठाच्या उतारावरून दोन मुली वर येत होत्या. उलटी केलेली लांबट बोट दोघींच्या डोक्यावर. चेहरे बोटीत झाकलेले, खाली फक्त चार पाय. एखादा मोठा किडा तळ्यातून बाहेर पडावा तसं ते दिसत होतं. मला गंमत वाटली. त्यांना रस्ता ओलांडायचा होता. त्या चालत होत्या, अगदी हळू, पायाखाली बघत.

मी 'सोड' या हाकेची वाट बघितली.

इतकी वर्षं ऐकलेली हाक. ती येणार म्हणून माझे पाय आधीच हलके झाले होते. ती आली नाही. ह्यांचे पाय त्याच लयीत फिरत होते. एक मुलगी ओरडली, "ओ! ओ काका!" आणि तरी फिरत होते.

उतारावर लागणारा जादा ब्रेक माझ्या हातात असतो. तो त्यांनी सांगितल्याशिवाय मी आजवर ओढला नव्हता. ओढला. सायकलचं मागचं चाक घसरलं, सामानाच्या पिशवीने आम्हाला एका बाजूला खेचलं, आणि आम्ही गवतात आडवे झालो. हँडलचं टोक बोटीच्या अंगावरून खर्रकन घासत गेलं.

"लागलं का? काकू, लागलं का तुम्हाला?" बोट खाली ठेवून मोठी मुलगी धावत आली. दोघी बहिणी असाव्यात, नाकं सारखी होती.

"मला नाही. ह्यांचा गुडघा बघा."

"काही झालेलं नाही," हे उठत म्हणाले. गुडघ्यातून रक्त येत होतं. "तुम्ही एकदम पळत रस्त्यात आलात पोरींनो. असं यायचं असतं का?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"पळत?" धाकटी म्हणाली. "काका, बोट डोक्यावर घेऊन पळून दाखवा बरं."

"गप गं," मोठी म्हणाली.

"गप काय! मी दोनदा ओरडले. हे सरळ आपल्यावरच येत होते."

हे वाकून सायकलची साखळी बसवायला लागले. साखळी उतरलेली नव्हती.

मी मुलींची माफी मागितली, बोटीवरचा ओरखडा बघितला. मोठी म्हणाली की बोटीवर असे पुष्कळ आहेत, त्यात एक भर. धाकटी अजून ह्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही, काहीतरी कळून चुकल्यासारखी.

पुढची तंबूची जागा जवळच होती. तिथपर्यंत आम्ही सायकल ढकलत नेली. कुणीच 'ढकलू या' म्हटलं नव्हतं. ते उजवीकडे हँडल धरून चालत होते, मी डावीकडे. तंबू लावताना त्यांनी खुंट्या इतक्या जोरात ठोकल्या की दोन वाकल्या. मग त्या उपटून सरळ केल्या, पुन्हा ठोकल्या. मग पाणी आणायला गेले आणि रिकाम्या बाटल्या घेऊनच परत आले.

"तळ्याकडून कोण येणार, असं वाटलं होतं मला," ते एकदम म्हणाले.

मी त्यांच्या हातातल्या बाटल्या घेतल्या.

"डावीकडे पाणी असलं की काय येणार डावीकडून? बदकं? म्हणून ही बाजू धरली. वारा तर वारा." ते बसले, लगेच उठले. "जरासं कमी दिसतं डावीकडे. जरासंच. समोरचं स्वच्छ दिसतं. तपासणीत तक्त्याची शेवटची ओळ वाचतो मी, तरण्या पोरांना वाचता येत नाही."

"कधीपासून?"

"आरशाच्या आधीपासून." मग घाईने, "पण उजवीकडे ठीक आहे. मान वळवतो मी. सवय झालीय. चौकात दोनदा वळवतो."

"जरासं म्हणजे किती?"

"ते कसं सांगू? जे दिसत नाही ते किती आहे हे दिसत नाही ना."

ते खरं होतं. मी उठले.

"मोजू या," मी म्हटलं.

"कशाने?"

तंबूची एक जादा काठी होती. तिच्या टोकाला मी त्यांचा नुकताच धुतलेला पांढरा मोजा बांधला. वाळू ओली आणि सपाट होती, ऊन अजून चांगलं होतं. समोर दूरच्या काठावर पाण्याची टाकी दिसत होती. ती नजर रोखायला बरी होती.

"आधी माझं करा," मी म्हटलं. मी मांडी घालून बसले, टाकीकडे बघत. त्यांनी काठी घेऊन माझ्या मागून गोल फिरत पुढे यायचं, आणि मोजा दिसला की मी 'आता' म्हणायचं. तिथे गारगोटी ठेवायची. डावीकडून एक, उजवीकडून एक, मग दोन्ही पुन्हा. माझ्या गारगोट्या माझ्या खांद्यांच्या जवळजवळ रेषेतच पडल्या.

"एवढं मागचं दिसतं तुला?" ते म्हणाले.

"सगळ्यांनाच साधारण एवढं दिसतं."

ते हसले नाहीत. माझ्या जागी बसले, माझ्याच खळग्यात. मी चपला काढल्या, म्हणजे पावलं ऐकू येणार नाहीत, आणि काठी घेऊन त्यांच्या मागे उभी राहिले.

"आता," ते म्हणाले.

मी अजून त्यांच्या पाठीमागेच होते आणि उभी होते.

"मी हललेच नाही," मी म्हटलं.

"मला वाटलं."

"वाटलं म्हणून सांगू नका. दिसलं की सांगा."

त्यांनी मान डोलावली. मी डावीकडून निघाले. मधे थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. ते गप्प. मी माझ्या गारगोटीला ओलांडून गेले. ते टाकीकडे बघत होते. जबडा आवळलेला होता. मी आणखी पुढे गेले. मोजा वाऱ्यावर हलत होता, मला वाटत होतं की आता तरी म्हणतील. आता तरी. मी त्यांच्या गुडघ्याच्या पुष्कळ पुढे आले, आणखी थोडी चालले असते तर टाकी माझ्याआड गेली असती. तेव्हा ते म्हणाले, "आता."

मी तिथे काळी गारगोटी ठेवली. मग उजवीकडून. उजवीकडे ठीक आहे, असं ते म्हणाले होते. मी माझ्या गारगोटीपाशी पोचले तेव्हा 'आता' आलं नाही. तिच्या बऱ्याच पुढे आलं.

मी तीही ठेवली.

"झालं?" त्यांनी उठून बघितलं. वाळूवर माझ्या चार पांढऱ्या गारगोट्या होत्या, एका मोठ्या पंख्याच्या दोन्ही टोकांना. त्यांच्या दोन काळ्या, आतमधे. डावी खूपच आत. ते बराच वेळ तिथे उभे होते, मग चक्कर मारून दुसऱ्या बाजूने बघितलं, घरात खाट कुठे ठेवायची ते बघतात तसं.

"उजवी पण?"

"हो."

त्यांनी पायाच्या अंगठ्याने उजवी काळी गारगोटी थोडी बाहेर सरकवली. "इथे दिसलं होतं मला. सांगायला उशीर झाला."

मला ती तिथेच राहू द्यावीशी वाटली. फार वाटली. त्यांनी कधी कुणाला साधा धक्का दिला नव्हता गाडीने. सकाळच्या गाडीची बातमी आली त्या दिवशी त्यांनी घरी येऊन शर्टाची इस्त्री स्वतः केली होती. मी वाकले आणि गारगोटी होती तिथे परत ठेवली.

"एवढंसं तर आहे," ते म्हणाले.

"पुन्हा घेऊ. जिथे येईल तिथे ठेवू."

पुन्हा घेतलं. या वेळी त्यांनी अंदाज केला नाही, नुसतं दिसलं तेव्हा सांगितलं. दोन्ही काळ्या गारगोट्या आणखी थोड्या आत आल्या.

ते वाळूतच बसून राहिले. काठीवरचा मोजा त्यांनी सोडला आणि पायात घालायला लागले, मग तो ओला आहे हे लक्षात येऊन पुन्हा काढला.

"तू तुझ्या काट्यांना किती चूक माफ करतेस?" त्यांनी विचारलं.

"काट्यावर काय ठेवायचंय त्यावर असतं. भाजीच्या काट्याला थोडं इकडेतिकडे चालतं. औषधाच्या काट्याला नाही चालत."

"हं."

ते मोजा पिळत राहिले. त्यातलं पाणी संपलं होतं.

"सकाळच्या गाडीला शाळेची पोरं असतात," ते म्हणाले. "उतरली की गाडीच्या पुढून पळतात. कितीही सांगा. डावीकडूनच पळतात, दार डावीकडे असतं ना." थोडं थांबून, "आजच्या त्या पोरी तर चालत होत्या."

"हो."

"तपासणीत पास होईन मी."

"माहीत आहे."

"तू सांगणार आहेस का त्यांना?"

"तुम्ही नाही सांगितलं तर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता आवाज चढेल. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. ते उठले, तंबूतून फोन काढला, आणि आगारात कुणाच्या पाळ्या कुठे हे ठरवणाऱ्या साहेबाला लावला. तो ह्यांच्यापेक्षा कितीतरी लहान आहे, ह्यांनीच त्याला पूर्वी गाडी शिकवली. फोनवर वारा येत होता म्हणून त्यांनी आवाज मोठा ठेवला. मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"काय दादा! सुट्टीत आगार आठवतं? वहिनींनी तंबूतून हाकललं की काय?"

"अजून नाही. ऐक. सकाळच्या गाडीवर माझं नाव घालू नकोस."

"का? तुम्हीच मागितली होती ना?"

"कुठल्याच गाडीवर घालू नकोस. मला बाजूचं दिसत नाही."



"डॉक्टर म्हणाले का?"

"डॉक्टरकडे आता जाईन. बायकोने मोजलं."

"वहिनींनी? कशाने?"

"मोज्याने."

"काय?" तो हसला, मग हसणं थांबवलं. "दादा, घाई करू नका. तपासणी आहेच की. दर वर्षी शेवटची ओळ घडाघडा वाचता तुम्ही."

"अरे, ओळ समोर असते ना," हे म्हणाले. "आरसे टेम्पोने फोडले नव्हते. ते पण लिहून घे."

"मग तुम्हाला बसवू कुठे?"

"ते आल्यावर बघू. आधी गाडीवर दुसरा माणूस लाव."

फोन बंद करून त्यांनी तो खिशात ठेवला, काढला, दुसऱ्या खिशात ठेवला. मी त्यांच्या गुडघ्याला लावायला मलम शोधत होते. नळी माझ्या हातातच होती. पुढे काय, याची सगळी गणितं माझ्या डोक्यात एकदम सुरू झाली होती. डॉक्टर, थेंब, किती उरेल, किती दिवस उरेल. एकही पुरं होत नव्हतं.

"बसा जरा," मी म्हटलं. "औषध लावते."

"बसूनच तर नोकरी केली सगळी," ते म्हणाले, आणि काठाने चालायला लागले. लांब लांब टांगा टाकत, तळं डाव्या हाताला ठेवून. मलमाची नळी घेऊन मी मागोमाग गेले. मग जरा धावून त्यांच्या आणि पाण्याच्या मधे शिरले. त्यांना कळलं नाही. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी अख्खी मान वळवली.

"इथे आहेस होय," ते म्हणाले. "कधी आलीस?"

"मघाशीच."

"मग बोलायचं ना," ते म्हणाले, आणि चालतच राहिले.